शुक्रवारचा सदरा

पाचवा महिना. पगार नाही.
सजा हे इथल्या गावाचं नाव. शारजाच्या बाहेर, वाळूत.
त्यावरून विनोद करणंही आता थांबलंय.
कँपाची वीज तोडून एकोणीस दिवस झाले,
आणि खोली नंबर चौदामध्ये शांतवन पारधे
इस्त्री करतोय.

इस्त्री म्हणजे पितळी तांब्या.
आईनं खोकरहून निघताना लुगड्याच्या धडप्यात बांधून दिलेला,
विमानतळावर ज्याला पोलिसानं टिचकी मारून पाहिलं होतं.
आत उकळतं पाणी, गळ्याला फडक्याचा वेढा,
आणि बूड फिरतंय कॉलरीवरून हळूहळू,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावरून
कुणी हात फिरवावा तसं.

अकरा सदरे. सात आमच्या उपासनेला येणाऱ्यांचे,
तीन तेलुगू भावांचे, त्यांची सभा निराळी,
आणि एक हमीदचा, तो मशिदीत जाणार.
"शुक्रवार त्याचाही आहे ना," शांतवन म्हणतो.

मला राग यायचा. खरं सांगतो.
घरी हप्ते थकलेले, फी भरली नाही म्हणून
माझी पोर वर्गाबाहेर उभी,
आणि हा बाबा बाहीची घडी बघतोय.
म्हणालो, कुणाला दाखवायचंय हे?
देवाला तर आपलं फाटकं बनियनसुद्धा माहीत आहे.
तो म्हणाला, "त्याला माहीत आहे रे.
आपण बोलावलेली माणसं आहोत,
हे मला विसरायला होतं."

मग जूनमधला तो मंगळवार.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, साहेब देशाबाहेर,
आणि आईची पेटी फोनच्या काचेवर,
तळव्याएवढी.
चित्र अडकायचं. पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहायचं,
मूठभर माती हवेत थांबायची,
मग एकदम पडायची.
माणसं पांगली तरी त्यानं फोन बंद केला नाही.
कुणीतरी बाभळीला टेकवून ठेवलेला असणार तिकडे.
बॅटरी संपेपर्यंत तो ढिगाऱ्याकडे बघत राहिला.

शुक्रवारी पहाटे जाग आली ती शेगडीच्या आवाजानं.
बंकच्या दांडीला टांगलेले सदरे,
आणि तो, एकेकावर वाकलेला.
एरवी आधी हातानं पाणी शिंपडायचा.
त्या दिवशी शिंपडलं नाही.
कुणी काही विचारलं नाही.

अकरा झाले. बारावा, त्याचा स्वतःचा,
बादलीच्या कडेवर बोळा होऊन पडलेला.
तांब्यातलं पाणी निवलं होतं. मी परत तापत ठेवलं.

मला कुठं येतंय हे काम.
तांब्या जड, वाफ मनगटावर,
उजव्या खांद्यावर एक तिरपी चुणी बसली,
मोडायला गेलो तशी आणखी पक्की झाली.
त्यानं सदरा घातला. आरशाच्या तुकड्यात खांदा पाहिला,
आणि हसला. दात दिसेपर्यंत हसला.
"आईचं असंच होतं," म्हणाला,
"एक तरी चुणी राहायचीच."

व्हॅन चर्चला पोचेपर्यंत वारा सुटला,
सगळ्यांच्या पाठीवर वाळूचा पिवळट हात.
भिंतीच्या आत, जिथला क्रूस रस्त्यावरून दिसत नाही,
आम्ही आठ जण एका बाकावर.
पहिल्याच ओळीला त्याचा आवाज चिरकला,
दुसऱ्या कडव्याला पुन्हा चिरकला,
तरी गडी थांबेना.
मला सूर नाही. मी टाळ्या वाजवल्या,
जरा जास्तच जोरात.
पुढच्या बाकावरच्या मल्याळी बाईनं वळून पाहिलं.

पगार आला नाही. सहावा महिना लागला.
ती चुणी मात्र धुऊनही जात नाही,
म्हणजे, जाते खरं तर.
दर शुक्रवारी मी ती परत पाडतो.